देठ की फूल: शेपू-काकडीच्या तीन बरण्यांचे प्रकरण

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या आमच्या घरी, एकाच दिवशी आणि एकाच टोपलीतल्या काकड्यांच्या तीन बरण्या भरल्या गेल्या. सहाव्या दिवशी त्यांतली एक फेकून द्यावी लागली, दुसरी पाहुण्यांनी दोन दिवसांत संपवली आणि तिसरी चवीला उत्तम निघाली, पण तिच्यातली प्रत्येक तिसरी-चौथी काकडी कापल्यावर आतून पोकळ होती. लोणचे बिघडणे ही काही लिहून ठेवण्याजोगी घटना नव्हे; परंतु या तीन बरण्यांमध्ये नकळत राहिलेले फरक इतके मोजके होते, की कशामुळे काय झाले याचा माग काढता आला. तो माग माझ्या मराठी स्वयंपाकघरातल्या दोन जुन्या सवयींपाशी जाऊन थांबला, म्हणून हे टिपण.

आधी पदार्थाविषयी थोडे. अमेरिकेत ज्याला ‘डिल पिकल’ म्हणतात त्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. दुकानाच्या फळीवर मिळणारे बहुतेक लोणचे व्हिनेगरमध्ये घातलेले असते. त्याचा आंबटपणा बाटलीतून आलेला असतो. दुसरा प्रकार आंबवलेला. काकड्या, शेपू, लसूण आणि मिठाचे पाणी यांखेरीज त्यात काही नसते आणि आंबटपणा बरणीतच तयार होतो. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांनी पिंपांतून विकलेले ‘हाफ सावर’ आणि ‘फुल सावर’ हे याच जातीचे. पोलंडमध्ये त्याला ‘ओगुर्की किशोने’ म्हणतात, आणि चार-पाच दिवसांतच खायला काढलेल्या, अजून हिरव्या असलेल्या काकड्यांना ‘मावोसोल्ने’, म्हणजे कमी मिठाच्या. ही नावे मला शेजारच्या पोलिश आजींनी शिकवली. त्यांचे वय पंच्याहत्तरच्या पुढे आहे, मुले दूरच्या राज्यांत आहेत, आणि ऑगस्ट लागला की त्यांच्या तळघरात दगडी बरण्यांची रांग लागते.

आपल्याकडच्या लोणच्याशी या पदार्थाचे नाते नावापुरतेच आहे, हे मला उशिरा कळले. कैरीचे किंवा लिंबाचे लोणचे मुरते. हे लोणचे आंबते. कैरीत आणि लिंबात आम्लता मुळातच असते, वर भरपूर मीठ, मोहरी आणि तेलाचा थर असतो, त्यामुळे मूठभर मीठ इकडेतिकडे झाले तरी लोणचे सांभाळून घेते. काकडीत आम्ल जवळजवळ नसते. तिच्यातली दोन टक्क्यांच्या आसपासची साखर खाऊन जिवाणूंनी ते तयार करायचे असते, आणि ते तयार होईपर्यंतच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत नको त्या जिवाणूंना आणि बुरशीला थोपवून धरण्याचे काम मिठाचे असते. सुरुवात बहुधा ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू करतात. पाणी आंबट होत गेले की ते मागे पडतात आणि आम्ल अधिक सोसणारा लॅक्टोबॅसिलस प्लांटारम शेवटपर्यंत काम नेतो. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे नाव बदलून लॅक्टिप्लांटिबॅसिलस केले, पण बरणीतल्या कामात फरक पडलेला नाही. मीठ फार कमी पडले तर या साखळीत भलतेच कोणी घुसते. फार जास्त झाले तर साखळीच रखडते. अंदाजाला जागा आहे, पण ती अरुंद आहे.

आता प्रत्यक्ष घटनाक्रम. शनिवारी सकाळी शेतकरी बाजारातून चार किलो काकड्या आणल्या. या लोणच्यासाठी वापरतात त्या बुटक्या, खरखरीत, पातळ सालीच्या, इकडे ‘कर्बी’ म्हणून मिळणाऱ्या. त्याच दिवशी भरायचा बेत होता, पण घरी पाहुणे आले आणि काकड्या बुधवारपर्यंत फ्रिजच्या खणात राहिल्या. शेपू भारतीय दुकानातून आणला होता, म्हणजे भाजीसाठी मिळते तशी कोवळ्या पानांची जुडी. मीठ पापुद्र्यासारखे हलके आणि खडबडीत, कारण बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या द्रव्याने पाणी गढूळ होते असे वाचले होते. प्रमाण मात्र कृतीतून चमच्यात उचलले होते: एक लिटर पाण्याला तीन मोठे चमचे. पाणी नळाचे, आदल्या रात्री उकळून गार केलेले.

पहिली बरणी चार लिटरची. तिच्यात दोन किलो काकड्या बसल्या. काकडी हातात आली की आपल्याकडे कोणीही जे करते तेच मी केले: देठाकडचे टोक कापले, ते उरलेल्या काकडीवर गोल गोल घासून कडवटपणाचा पांढरा फेस काढला आणि काकडी धुऊन बरणीत उभी केली. फुलाकडचे टोक तसेच राहिले. ही बरणी ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीशेजारी ठेवली, कारण रोज डोळ्यांसमोर राहील असे वाटले.

दुसरी बरणी, दोन लिटरची, मी भरत होते तेव्हा आजी त्यांच्या बागेतल्या शेपूचे फुलोरे घेऊन आल्या. उलट्या छत्रीसारखे फुलोरे, त्यांवर अजून हिरवट असलेले दाणे. माझी कोवळी जुडी पाहून त्यांनी नुसती मान हलवली. मग ताटातली एक काकडी उचलून तिच्या फुलाकडच्या टोकावरून अंगठा फिरवला. टोकाला फुलाचा वाळलेला, तपकिरी चुरा अजून चिकटलेला होता. तो त्यांच्या अंगठ्यावर आला. “हे पहिले काढायचे,” त्या म्हणाल्या, आणि सुरीने तिथून नखाएवढी पातळ चकती उडवली. देठाकडच्या कापलेल्या टोकाकडे पाहून त्यांनी विचारले, “आणि इकडचे का कापलेस?” कडवटपणाचे मी सांगितले. लोणच्याच्या काकड्या कडू निघत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बरणीतल्या काकड्यांची मग दोन्ही टोके कापली गेली, फुलोरे घातले गेले, आणि जाताना आजी ती बरणी स्वतःच्या हाताने आमच्या तळघरात ठेवून गेल्या. पहिली भरून झाली होती म्हणून तिला कोणी हात लावला नाही.

तिसरी बरणी रात्री भरली. उरलेल्या किलोभर काकड्या आकाराने मोठ्या होत्या, त्यांचे फुलाकडचे टोक कापले. पापुद्र्याचे मीठ संपले होते, म्हणून रोजचे बारीक आयोडीनयुक्त मीठ घेतले, त्याच चमच्याने, तेवढेच तीन चमचे. फुलोरे संपले होते, म्हणून मसाल्याच्या डब्यातला चमचाभर बाळंतशोपा टाकला. शेवटी तोही शेपूचाच दाणा. ही बरणीही तळघरात गेली. तिन्ही बरण्यांत काकड्या पाण्याखाली दाबून ठेवायला पिशवीत मिठाचे पाणी भरून वर ठेवले होते. साधे पाणी न भरण्याचे कारण असे, की पिशवी फुटली तरी बरणीतले मीठ पातळ होत नाही. तोंडाला दादरा बांधला.

तिसऱ्या दिवशी पहिल्या बरणीचे पाणी गढूळ झाले आणि बुडबुडे वर येऊ लागले. तळघरातल्या दोन बरण्या एक-दोन दिवस मागे होत्या. गढूळपणा हे बिघडल्याचे लक्षण नव्हे. आंबवणाऱ्या जिवाणूंचीच ती दाटी असते आणि पुढे ते तळाशी पांढऱ्या गाळाच्या रूपात बसतात. काकड्यांचा गडद हिरवा रंग जाऊन फिकट शेवाळी रंग येणेही ठरलेले आहे, कारण आम्लामुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते. पाचव्या दिवशी दुसऱ्या बरणीवर पातळ, पांढरी, सुरकुतलेली साय दिसली. ही हवेवर वाढणाऱ्या यीस्टची साय. ती विषारी नसते, पण तशीच राहू दिली तर तयार झालेले आम्ल खाऊन टाकते, म्हणून रोज चमच्याने काढून टाकावी लागते. केसाळ, हिरवी-काळी बुरशी ही वेगळी गोष्ट. ती सुदैवाने कुठेच नव्हती.

सहाव्या दिवशी पहिली बरणी उघडली. वास आंबट होताच, पण त्याखाली शिळ्या कोबीसारखा दर्प होता. काकडी उचलायला गेले तर साल बोटांखाली सरकली, जणू आतल्या गराशी तिचा संबंध सुटला होता. फुलाकडचा भाग चिमटीत दाबताच पाण्यासारखा झाला, देठाकडचा अर्धा अजून काहीसा टणक होता. दोन बोटे पाण्यात बुडवून उघडली तर त्यांच्यामध्ये बारीक चिकट तार आली. आम्लता दाखवणाऱ्या कागदाने पीएच पाहिला (हा आकडा जितका खाली, तितके पाणी आंबट), तो ४ च्या जरा वर होता. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू ४.६ च्या खाली वाढत नाही, म्हणजे ती भीती या आकड्याने दूर होत होती, पण मऊ, बुळबुळीत किंवा दुर्गंधी आलेले लोणचे चाखूनसुद्धा पाहायचे नाही हा नियम आकड्यावर अवलंबून नाही. दोन किलो काकड्या कचऱ्यात गेल्या.

दुसरी बरणी त्याच संध्याकाळी वर आणली. काकड्या कुरकुरीत, आत अजून मध्यभागी पांढुरक्या, लसूण आणि फुलोऱ्याचा वास मुरलेला. पीएच ३.८. लसणाच्या दोन पाकळ्या निळसर झाल्या होत्या. लसणातली गंधकयुक्त द्रव्ये आम्लात असे करतात आणि त्याने काही बिघडत नाही, हे पाहुण्यांना समजावून सांगावे लागले. तिसरी बरणी दोन आठवड्यांनी तयार झाली. पीएच ३.५, काकड्या तिन्हींत सर्वांत टणक. आयोडीनने आंबणे अडले नाही, फक्त पाणी दुधासारखे झाले. पोकळपणाचा उल्लेख वर आलाच आहे. तेव्हा आमच्याकडे आलेल्या आईने एक घास खाऊन विचारले, “अगं, बाळंतिणीची सुपारी खारवलीस की काय?” तिचे बरोबर होते. आपल्याकडचा बाळंतशोपा युरोपी शेपूच्या दाण्याहून उग्र असतो, आणि ज्याच्या नाकाला त्या वासाची ओळख चाळीसाव्या दिवसापर्यंत पुरलेल्या डब्यातून झाली आहे, त्याला लोणच्यात दुसरे काही जाणवत नाही.

कारणे शोधताना पहिला धक्का चमच्याने दिला. वजनकाट्यावर पापुद्र्याच्या मिठाचा एक मोठा चमचा साडेनऊ ग्रॅम भरला आणि बारीक मिठाचा अठरा. म्हणजे ‘लिटरला तीन चमचे’ या एकाच वाक्यातून पहिल्या दोन बरण्यांत पावणेतीन टक्क्यांचे पाणी गेले आणि तिसरीत पाच टक्क्यांच्या वरचे. त्याहून मोठी चूक अशी, की पाण्यातले मीठ पाण्यातच राहील असे मी धरून चालले होते. काकडीत पंच्याण्णव टक्के पाणी असते आणि काही दिवसांत मीठ दोन्हीकडे सारखे होते. बरणीत काकड्या आणि पाणी निम्मेनिम्मे असतील, तर पावणेतीनाचे शेवटी दीडच्याही खाली येते, आणि पाचाचे अडीचवर. अमेरिकी कृषी खात्याच्या घरगुती पद्धतीत सुमारे १.८ किलो काकड्यांना आठ कप पाणी, पाव कप व्हिनेगर आणि अर्धा कप बारीक मीठ सांगितले आहे. ते गणित मांडले तर पाणी सात टक्क्यांच्या आसपास येते आणि सगळे समतोल झाल्यावर पावणेचार टक्के उरते. माझ्या पहिल्या बरणीत त्याच्या निम्मेही मीठ नव्हते. पाव कप व्हिनेगर मात्र आजींना मान्य नाही. पहिल्या दिवसापासून आम्लता थोडी पुढे जावी यासाठी ते असते, हे मला पटते. आजी त्यावर फक्त नाक मुरडतात.

दुसरे कारण जागेचे. त्या आठवड्यात दुपारी ओट्याच्या कोपऱ्यातले तापमान तीस अंश सेल्सिअसपर्यंत जात होते, तळघरात एकवीस-बावीस होते. सरकारी मार्गदर्शनात २१ ते २४ अंश हे योग्य तापमान धरले आहे, त्यात तीन-चार आठवडे लागतात. सुमारे २७ अंशांच्या वर काकड्या मऊ पडतात असे स्पष्ट म्हटले आहे. पुण्या-मुंबईत कोणाला करून पाहायचे असेल, तर त्यांनी मे महिन्यात हा उद्योग करू नये, डिसेंबर-जानेवारी बरा.

तिसरे कारण फुलाचे, आणि त्याची गोष्ट जुनी आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले येथे एचेल्स, बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात लोणच्याच्या कारखान्यांतल्या मोठ्या टाक्यांमध्ये काकड्या मऊ का पडतात याचा शोध घेतला. तो शोध काकडीला चिकटून येणाऱ्या वाळलेल्या फुलांपर्यंत पोहोचला. त्या फुलांवर वाढणारी बुरशी पेक्टिन तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, तयार करते. फुलांबरोबर ती मिठाच्या पाण्यात उतरतात आणि पेशींना पेशी जोडून धरणारे पेक्टिन विरघळवू लागतात. टाकीत बुरशी स्वतः वाढली नाही तरी विकरांचे काम चालूच राहते. माझ्या पहिल्या बरणीतल्या काकड्या फुलाकडून मऊ होत गेल्या होत्या आणि देठाकडे टणक होत्या, याचा अर्थ इथे लागला. आजींच्या अंगठ्याला हे संशोधन वाचावे लागले नव्हते. द्राक्षाचे किंवा ओकचे पान घालण्याची प्रथाही त्याच दुखण्यावरची आहे. द्राक्षाच्या पानात ही विकरे रोखणारे द्रव्य असते, मात्र फुलाचे टोक कापले असेल तर पानाची गरज उरत नाही.

इथपर्यंत प्रकरण सुटल्यासारखे वाटत होते, पण एक अडचण होती. पहिल्या आणि दुसऱ्या बरणीत मीठ सारखेच कमी होते, शेपू सोडला तर फरक दोन होते, जागा आणि फुलाचे टोक, आणि ते एकत्र आले होते. दोष कोणाचा, हे त्यावरून ठरत नव्हते. म्हणून सप्टेंबरमध्ये एक-एक लिटरच्या दोन बरण्या मुद्दाम भरल्या. काकड्या त्याच सकाळच्या, मीठ वजनाने, म्हणजे काकड्या आणि पाणी मिळून होणाऱ्या वजनाच्या साडेतीन टक्के, जागा तळघरातली, शेजारी शेजारी. एकीत फुलाचे टोक कापलेले, दुसरीत तसेच. तीन आठवड्यांनी कापलेल्या बरणीतल्या नऊही काकड्या कडक निघाल्या. न कापलेल्या बरणीतल्या नऊपैकी दोन टोकाशी मऊ होत्या, सात चांगल्या होत्या. दोन बरण्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण माझ्यापुरता निष्कर्ष असा, की फुलाचे टोक राहिले म्हणून लोणचे हमखास जात नाही. मीठ पुरेसे आणि जागा गार असेल तर नुकसान थोडे होते. ऑगस्टच्या बरणीत कमी मीठ आणि उष्णता यांनी दार उघडले होते आणि फुलाने आत शिरून काम पुरे केले.

ऑक्टोबरात मी वजनकाटा घेऊन आजींकडे गेले. कागद-पेन्सिल न घेता त्या मीठ मुठीने घालतात, त्यामुळे त्यांचे माप किती याची उत्सुकता होती. तीनदा मूठ काट्यावर रिकामी करायला लावली: ६१, ६० आणि ६२ ग्रॅम. माझ्या आईचा हातही लिंबाच्या लोणच्यात असाच चालतो. फरक एवढाच, की आजींची मूठ एकाच प्रकारच्या मिठावर, एकाच आकाराच्या बरणीवर पन्नास वर्षे चालली आहे. मी चमचा एका कृतीतून घेतला होता, मीठ दुसऱ्या दुकानातून आणि टोक कापण्याची रीत तिसऱ्याच काकडीवरून.

पोकळ काकड्यांचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. आंबताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड काकडीच्या आत अडकला की पोकळी होते. कारखान्यांत त्यावर उपाय म्हणून मिठाच्या पाण्यातून हवा किंवा नायट्रोजन सोडून तो वायू बाहेर काढतात. घरी ते शक्य नाही. शिवाय काही काकड्या वेलावरच पोकळ झालेल्या असतात, मोठ्या आणि पाण्याचा ताण पडलेल्या विशेषतः, आणि तोडल्यावर चार दिवस फ्रिजमध्ये ठेवल्याने त्यांत भरच पडते. माझ्या तिसऱ्या बरणीत हे सगळेच एकत्र आले होते. आता काकड्या तोडल्याच्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी, भरल्या जातात आणि आधी मोठ्या पातेल्यात पाण्यात सोडल्या जातात. आतून पोकळ असलेली काकडी बहुधा तरंगते. तरंगणाऱ्या बाजूला काढल्या जातात, त्यांची त्याच दुपारी दाण्याचे कूट आणि लिंबू घालून कोशिंबीर होते, आणि तिच्यासाठी मात्र देठाकडचे टोक कापून, फेस येईपर्यंत घासले जाते.